मंजुरी ॲपला, परीक्षा संस्थेची

ज्ञातिसंस्था, माजी विद्यार्थी संघ, गृहनिर्माण संस्था, गणेशोत्सव मंडळं, परदेशातली महाराष्ट्र मंडळं या सगळ्यांच्या वार्षिक सभेत हल्ली एक विषय हमखास निघतो: आपलं स्वतःचं ॲप हवं. मागणीला कारणंही तशीच आहेत. व्हॉट्सॲपच्या एका गटात १०२४ जणांपलीकडे माणसं मावत नाहीत. मग गट क्रमांक दोन, गट क्रमांक तीन सुरू होतात. कुठली सूचना कुठे टाकली ते चिटणिसांनाही आठवत नाही, आणि निधनवार्तेच्या खालीच कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक येऊन पडतो. ठराव मंजूर होतो, दरपत्रकं मागवली जातात, एखाद्या सभासदाच्या ओळखीतली सॉफ्टवेअर कंपनी काम घेते. ॲप तयारही होतं. आणि मग ॲपल किंवा गूगलकडून नकाराचा ईमेल येतो. उद्घाटनाची तारीख पुढे ढकलावी लागते आणि ज्याने ॲप बनवलं त्याला काम येत नाही, अशी कुजबुज सुरू होते.

बहुतेक वेळा दोष त्याचा नसतो. नकाराची ही पत्रं नीट वाचली, तर त्यांत संगणकीय चुकांबद्दल फार थोडं असतं. विचारलेलं असतं ते वेगळंच. इथे कुणी काय लिहितं यावर लक्ष कोण ठेवतं? एखाद्याला त्रास झाला तर त्याने तक्रार कुठे करायची? सभासदाला आपली माहिती पुसून बाहेर पडायचं असेल तर वाट कुठे आहे? हे ॲप नक्की कुणाच्या मालकीचं आहे? यांची उत्तरं प्रोग्रामरने द्यायची नसतात, ती कार्यकारिणीने द्यायची असतात. समूहाच्या ॲपची मंजुरी म्हणजे तो समूह जबाबदारीने चालवायची व्यवस्था आहे की नाही याची तपासणी. हे लक्षात न घेता सगळं काम कंत्राटदारावर सोपवलं जातं आणि तिथेच गाडं अडतं.

ही तपासणी आजच्या रूपात यायला बराच काळ गेला. ॲपलचं ॲप स्टोअर जुलै २००८मध्ये सुमारे ५०० ॲप घेऊन उघडलं. परीक्षण पहिल्यापासून होतं, पण त्याचे नियम मात्र सप्टेंबर २०१०पर्यंत जाहीरच केलेले नव्हते. त्या काळात मार्क फिओरे या अमेरिकन व्यंगचित्रकाराचं ॲप सार्वजनिक व्यक्तींची टिंगल करतं या कारणाने नाकारलं गेलं. एप्रिल २०१०मध्ये त्यांना पुलित्झर पारितोषिक मिळालं, बोभाटा झाला आणि तेच ॲप स्वीकारलं गेलं. गूगलने उलट टोकापासून सुरुवात केली. २००८च्या अँड्रॉइड मार्केटमध्ये ॲप चढवलं की ते थोड्याच वेळात लोकांपुढे जाई. प्रकाशनाआधी माणसं ॲप तपासतात हे कंपनीने जाहीर केलं ते मार्च २०१५मध्ये. आता दोन्ही दुकानांचे नियम पानोपानी वाढले आहेत आणि बरेचसे एकमेकांसारखे झाले आहेत.

कामाचा पसारा केवढा आहे हे ॲपलच्याच आकड्यांवरून कळतं. २०२३मध्ये त्यांच्याकडे सुमारे ६९ लाख अर्ज तपासले गेले आणि त्यांतले १७ लाखांहून अधिक नाकारले गेले. परीक्षक पाचशेहून थोडे अधिक, आठवड्याला सरासरी १,३२,५०० ॲप. म्हणजे माणशी आठवड्याला अडीचशेच्या आसपास. नव्वद टक्के अर्जांचा निकाल २४ तासांच्या आत लागतो असंही ॲपल सांगतं. परीक्षकाकडे आपल्या ॲपसाठी असतात ती काही मिनिटं, आणि त्या मिनिटांत त्याला काय दिसतं यावर सगळं ठरतं.

ती मिनिटं जरा जवळून पाहू. परीक्षक बसतो परदेशात. ॲप उघडताच समोर येतं: "आपला मोबाइल क्रमांक टाका." आधी +९१ छापलेलं, पुढे दहा अंकांची जागा. त्याच्याकडे भारतीय सिम नाही. ओटीपी कुठेच येणार नाही. पुढे जायला दुसरं दार नाही, तेव्हा तो "ॲप पूर्णपणे तपासता आलं नाही" असा शेरा मारून पुढच्या अर्जाकडे वळतो. दुसऱ्या वेळी कंपनी एक चाचणी क्रमांक देते, त्यावर ठरलेला ओटीपी चालतो, परीक्षक आत शिरतो. आत गेल्यावर दिसतं: "आपली सभासदत्वाची विनंती प्रशासकाकडे पाठवली आहे." प्रशासक म्हणजे संस्थेचे चिटणीस, आणि ते त्या वेळी पुण्यात झोपलेले असतात. पुन्हा नकार. तिसऱ्या वेळी आत जाता येतं, पण बातम्यांचा विभाग रिकामा, छायाचित्रांच्या जागी "लवकरच येत आहे", आणि चर्चेच्या पानावर "टेस्ट टेस्ट" एवढंच लिहिलेलं. अर्धवट ॲप म्हणून परत नकार.

यातलं प्रत्येक कारण टाळण्यासारखं आहे. ॲपलच्या अर्जात परीक्षकासाठी टीप लिहायची जागा असते, गूगलकडे प्रवेशाच्या सूचनांसाठी वेगळा रकाना असतो. तिथे आधीच मंजूर केलेलं खातं, त्याचा ठरीव ओटीपी, आणि संस्था काय आहे, सभासद कोण होऊ शकतं, मजकूर मराठीत का आहे हे चार सरळ इंग्रजी वाक्यांत लिहून द्यावं. आत खरा मजकूर असावा: मागच्या सभेचं इतिवृत्त, येत्या कार्यक्रमाची सूचना, पाच-सहा सभासदांची खरी चर्चा. कॅमेरा किंवा फोनमधली संपर्कांची यादी मागायची असेल, तर ती कशासाठी हे परवानगी मागणाऱ्या खिडकीतच स्पष्ट लिहावं. "ॲपला कॅमेरा हवा आहे" एवढ्यावर भागत नाही. आणि संपर्कयादी खरोखर लागते का, हेही आधी विचारावं. बहुतेक संस्थांना ती लागत नाही.

आता मुख्य नियमाकडे येऊ. ज्या ॲपमध्ये लोक स्वतः काही लिहितात, फोटो टाकतात, एकमेकांशी बोलतात, त्याला ॲपलच्या नियमावलीतलं कलम १.२ लागू होतं. ते चार गोष्टी मागतं: आक्षेपार्ह मजकूर गाळायची सोय, तक्रार करायची सोय आणि तिला वेळेवर उत्तर, त्रास देणाऱ्याला ब्लॉक करायची सोय, आणि संपर्काचा जाहीर पत्ता. गूगलची अटही जवळपास हीच आहे. शिवाय लिहू देण्याआधी वापराच्या अटी सभासदाने मान्य केल्या पाहिजेत, हेही तिथे येतं.

हे नियम आज इतके कडक का पाळले जातात, हे गेल्या दशकातल्या घटना पाहिल्या की कळतं. नोव्हेंबर २०१८मध्ये टंबलर हे मोठं समूहमाध्यम ॲप स्टोअरवरून काढलं गेलं, कारण त्यावर बालकांच्या लैंगिक शोषणाची चित्रं सापडली होती. पुढच्याच महिन्यात टंबलरने प्रौढ मजकुरावर सरसकट बंदी घातली. जानेवारी २०२१मध्ये अमेरिकी संसदेच्या इमारतीवर जमावाने हल्ला केल्यानंतर पार्लर हे ॲप गूगलने ८ तारखेला आणि ॲपलने ९ तारखेला हटवलं, कारण हिंसेला चिथावणी देणारा मजकूर आवरायची व्यवस्थाच त्यांच्याकडे नव्हती. देखरेखीची व्यवस्था उभी केल्यावर मे २०२१मध्ये ते ॲपलकडे परतलं; प्ले स्टोअरवर यायला सप्टेंबर २०२२ उजाडला. या दोन्ही प्रकरणांत दुकानदारांची बाजू मला पटते. हजारो लोकांना बोलायला जागा द्यायची आणि तिथे काय चाललंय ते पाहायचं नाही, हे चालू देता येत नाही.

पण तोच नियम जिथे बसत नाही तिथेही लावला गेला आहे. ऑगस्ट २०२०मध्ये मॅस्टोडॉनसारखी विकेंद्रित माध्यमं वापरण्यासाठी स्वयंसेवकांनी बनवलेल्या काही ॲपना गूगलकडून नोटिसा आल्या: तुमच्या ॲपमधून द्वेषपूर्ण मजकूर दिसतो. ती ॲप स्वतः कुठलाच मजकूर साठवत नव्हती. वापरणारा ज्या सर्व्हरचा पत्ता टाकेल तो सर्व्हर ती दाखवत होती, आणि हे काम कुठलाही ब्राउझर करतो. जानेवारी २०२१च्या अखेरीस मॅट्रिक्स या खुल्या संदेशजाळ्याचं एलिमेंट हे ॲपही अशाच कारणाने प्ले स्टोअरवरून गायब झालं आणि खुलासा दिल्यावर लवकरच परत आलं. एलिमेंटमागे कंपनी होती, म्हणून तिला उत्तर मिळालं. एकट्यादुकट्या स्वयंसेवकाला तितक्या लवकर उत्तर मिळेल याची हमी कुणी देत नाही.

आपल्या संस्थांकडे वळलं की या चार अटींपैकी सगळ्यात जास्त कुरकुर ब्लॉकच्या बटणावर होते. "सगळी आपलीच माणसं आहेत, इथे कोण कुणाला ब्लॉक करणार?" हा प्रश्न विचारणारे बहुधा ज्येष्ठ पुरुष असतात. एखाद्या तरुण मुलीचा क्रमांक आणि फोटो सभासद सूचीत गेल्यावर तिला रात्री अकरा वाजता कुणा "ज्ञातिबांधवा"चे संदेश येऊ लागतात. तिने ते कुणाला सांगायचं? काकांना सांगितलं तर काका म्हणणार, चांगल्या घरातला मुलगा आहे. ते बटण तिच्यासाठी आहे, आणि ते कुणाच्याही परवानगीशिवाय, कुणालाही न कळवता तिला दाबता आलं पाहिजे. परदेशातल्या एका कंपनीच्या नियमामुळे का होईना, आपल्या संस्थांना ही सोय द्यावी लागते आहे, याचं मला समाधान वाटतं.

गाळणीचा प्रश्न वेगळा. तयार मिळणाऱ्या शब्दगाळण्या इंग्रजीसाठी घडवलेल्या असतात. मराठी शिव्या, जातिवाचक अपशब्द, तेच शब्द रोमन लिपीत चार तऱ्हांनी लिहिलेले, मध्ये टिंब किंवा तारका घातलेले, यांतलं फारसं काही त्यांना कळत नाही. इथे संस्थेलाच बसून यादी करावी लागते. काम अप्रिय आहे, पण ते समाज ओळखणाऱ्या माणसांनीच करायचं आहे. आणि यादी कितीही चांगली असली तरी टोमणा, बदनामी, कुणाच्या मोडलेल्या लग्नाबद्दलची कुजबुज ती पकडू शकत नाही. त्यासाठी तक्रार वाचणारी माणसं लागतात. एक नव्हे, निदान तीन, आणि त्यांत बायका असाव्यात. संस्थेच्या निवडणुकीच्या दिवसांत तर देखरेख करणारे कुठल्याही पॅनेलचे नसावेत. भारतीय कायदाही याच दिशेने गेला आहे. २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार लोकांचा मजकूर दाखवणाऱ्या मध्यस्थाने तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क जाहीर करायचा असतो. म्हणजे स्टोअरने मागितलं नसतं तरी हे करावंच लागलं असतं.

दुसरा मोठा विषय सभासद सूचीचा. आपल्याकडे ज्ञातिसंस्थांच्या छापील सूची पिढ्यान्‌पिढ्या निघत आल्या आहेत: नाव, गाव, गोत्र, शिक्षण, नोकरी, जन्मतारीख, रक्तगट, पत्ता, फोन. पाचशे घरांत गेलेलं ते पुस्तक कपाटात राहायचं. तोच मजकूर ॲपमध्ये आला की एका रात्रीत सगळा उतरवून घेता येतो आणि जन्मतारखेसकट क्रमांक मिळालेल्या ठगाला आणखी काही लागत नाही. डिसेंबर २०२०पासून ॲपलकडे आणि जुलै २०२२पासून गूगलकडे प्रत्येक ॲपला आपण कुठली माहिती घेतो, कशासाठी, कुणाला देतो हे जाहीर लिहून द्यावं लागतं. हे अर्ज कंपनीतला मुलगा अंदाजाने भरतो आणि पुढे तीच विसंगती नडते: अर्जात "जन्मतारीख घेत नाही" आणि पहिल्याच पानावर जन्मतारखेचा रकाना. ३० जून २०२२पासून ॲपलने आणखी एक अट घातली. ॲपमध्ये खातं उघडता येत असेल, तर ते ॲपमधूनच कायमचं पुसताही आलं पाहिजे. गूगलने नंतर तशीच अट आणली आणि त्यासाठी वेबवरचा दुवाही मागितला. "अर्ज करा, कार्यकारिणी विचार करील" हे उत्तर इथे चालत नाही. सभासदत्व संपवायचं की नाही हे संस्थेच्या घटनेनुसार ठरेल. ॲपवरचं खातं आणि त्यातली माहिती मात्र त्या माणसाच्या एका मागणीवर गेली पाहिजे.

याच जागी २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा येतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले असून अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होते आहे. या कायद्यात अठरा वर्षांखालची व्यक्ती म्हणजे बालक, आणि त्याची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. दहावी-बारावीच्या गुणवंतांची यादी फोटो आणि शाळेच्या नावासकट ॲपवर टाकणाऱ्या मंडळांनी, बालनाट्य शिबिराची नोंदणी ॲपवरून घेणाऱ्यांनी याचा विचार आत्ताच करावा.

वधूवर विभागाबद्दल एक इशारा. ॲपलच्या नियमावलीतलं कलम ४.३ सांगतं की काही प्रकारच्या ॲपची आधीच गर्दी झाली आहे आणि वेगळं, दर्जेदार काही नसेल तर ती घेतली जाणार नाहीत. त्या यादीत जोडीदार शोधून देणारी आणि भविष्य सांगणारी ॲप नाव घेऊन नमूद केलेली आहेत. पत्रिका जुळवणं आणि स्थळं दाखवणं हाच दर्शनी भाग ठेवून अर्ज केला, तर दोन्ही बाजूंनी अडचण येते. संस्थेचं बाकीचं काम ठळक असावं आणि वधूवर विभाग त्यातला एक असावा.

पैशांचे नियम आपल्या संस्थांना सर्वांत कमी माहीत असतात. संमेलनाचं तिकीट, जेवणाचे कूपन, छापील दिवाळी अंक या प्रत्यक्षातल्या वस्तू आणि सेवा आहेत. त्यांचे पैसे यूपीआयने किंवा इतर मार्गाने घेता येतात, ॲपलचा त्यात वाटा नसतो. तोच दिवाळी अंक ॲपमध्ये वाचण्यासाठी विकला की तो डिजिटल माल होतो आणि विक्री ॲपलच्या यंत्रणेतून करावी लागते. दलाली ३० टक्के, किंवा वर्षाला दहा लाख डॉलरच्या आतल्या लहान उत्पादकांच्या योजनेत नाव घातलं तर १५ टक्के. देणगीचं आणखी वेगळं. ॲपलने मान्य केलेल्या धर्मादाय संस्थांनाच ॲपच्या आत देणगी घेता येते, बाकीच्यांनी सभासदाला ब्राउझरमध्ये नेऊन तिथे घ्यायची. गणपतीच्या वर्गणीचं बटण ॲपमध्येच ठेवल्याने ॲप अडकू शकतं ते यामुळे.

आता मालकी. ॲप कुणाच्या नावावर आहे? असंख्य संस्थांची ॲप ती बनवणाऱ्या कंपनीच्या खात्यावरून प्रकाशित झालेली असतात. ॲपलने २०१७पासून साच्यातून काढलेल्या ॲपवर निर्बंध घातले: एकच ढाचा, वरची नावं आणि रंग वेगळे अशी ॲप कंपनीने आपल्या खात्यावरून चढवली तर नाकारली जातात, ज्या संस्थेचा मजकूर आहे तिने स्वतःच्या खात्यावरून अर्ज करायचा. संस्थांना हे किचकट वाटतं, पण यात त्यांचंच हित आहे. कंपनी बंद पडली किंवा पैशावरून बिनसलं, तर दुसऱ्याच्या खात्यातलं ॲप, त्याचे हजारो वापरणारे आणि त्यांची माहिती हे सगळं तिकडेच अडकतं. खातं संस्थेच्या नावाने काढायचं तर डन अँड ब्रॅडस्ट्रीट या कंपनीचा नऊ अंकी डी-यू-एन-एस क्रमांक लागतो, स्वतःचं संकेतस्थळ आणि त्याच नावाचा ईमेल लागतो. धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदणीपत्रात मराठी नाव, पॅन कार्डावर त्याचं एक इंग्रजी रूप, बँकेत दुसरं, अशी स्थिती असेल तर आधी ती सरळ करावी. पडताळणीत नावं अक्षरशः जुळावी लागतात. खर्च फार नाही: ॲपलकडे वर्षाला ९९ डॉलर, गूगलकडे एकदाच २५.

खातं एखाद्या पदाधिकाऱ्याच्या वैयक्तिक नावाने काढायचा मोह टाळावा. पदाधिकारी बदलतात, पासवर्ड राहून जातो. शिवाय गूगलने १३ नोव्हेंबर २०२३नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना वेगळी अट घातली आहे: प्रकाशनाआधी ठरावीक संख्येच्या चाचणीकर्त्यांनी सलग १४ दिवस ॲपच्या बंद चाचणीत राहिलं पाहिजे. आधी वीस माणसं लागत, डिसेंबर २०२४पासून बारा. ज्याच्यामागे कुणी नाही अशा एकट्या डेव्हलपरला बारा माणसं गोळा करणं जड जातं. संस्थेला मात्र हे अगदी सोपं आहे. आणि संस्थात्मक खात्याला ही अट लागू नसली तरी अशी चाचणी जरूर घ्यावी. साठीच्या पुढचे चार सभासद त्यात असले तर अक्षरं किती लहान आहेत, हे परीक्षकाआधी तेच सांगतील.

एवढं सगळं करूनही नकार येऊ शकतो, आणि कधीकधी तो अन्याय्य असतो. हाँगकाँगच्या आंदोलनात पोलीस कुठे आहेत हे लोकांनी मिळून दाखवणारा एचकेमॅप डॉट लाइव्ह हा नकाशा ॲपलने ऑक्टोबर २०१९मध्ये आधी नाकारला, मग स्वीकारला आणि काही दिवसांतच पुन्हा काढून टाकला. वर्डप्रेसच्या ॲपमध्ये काहीही विकलं जात नसताना ऑगस्ट २०२०मध्ये विक्रीची यंत्रणा घालण्यासाठी ॲपलने त्याची अद्ययावत आवृत्ती अडवली. नंतर माफी मागितली. आपल्याकडे सप्टेंबर २०२०मध्ये पेटीएम काही तास प्ले स्टोअरवरून नाहीसं झालं होतं. १ मार्च २०२४ला दलालीच्या वादातून गूगलने शादी डॉट कॉम, भारत मॅट्रिमनी, नोकरी अशी मोठमोठी भारतीय ॲप हटवायला सुरुवात केली, तेव्हा केंद्रीय मंत्र्यांनी मध्यस्थी केली आणि काही दिवसांत ती परत आली. एखाद्या तालुक्याच्या शिक्षक पतसंस्थेसाठी कुठला मंत्री फोन उचलणार? सत्तेचं हे असंतुलन खरं आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २०२२मध्ये गूगलला दोन प्रकरणांत दंड ठोठावला तो याच वर्चस्वाबद्दल.

तरीही दाद मागायच्या वाटा आहेत आणि त्या वापरल्या जात नाहीत. ॲपलचं एक अपील मंडळ आहे. २०२०पासून तिथे निर्णयाला आणि मूळ नियमालाही आव्हान देता येतं, आणि आधीच प्रकाशित असलेल्या ॲपमधली चूक दुरुस्त करणारी आवृत्ती एरवीच्या नियमभंगासाठी रोखली जात नाही. संमेलनाची तारीख तोंडावर असेल तर तातडीच्या तपासणीची विनंती करता येते. गूगलकडेही अपिलाचा अर्ज आहे. उत्तर लिहिताना राग बाजूला ठेवून कलमाचा क्रमांक, आपण केलेली दुरुस्ती आणि तिचं पडद्यावरचं चित्र द्यावं. तेच ॲप काही न बदलता पुन्हा पुन्हा पाठवणं हा सर्वांत वाईट मार्ग. गूगलकडे वारंवार नियमभंग झाला तर ॲपच काय, आख्खं खातं बंद होऊ शकतं.

मंजुरी मिळाली की काम संपलं, हा समजही चुकीचा आहे. गूगल दरवर्षी अँड्रॉइडची नवी पातळी गाठायची मुदत देतं, ती बहुधा ३१ ऑगस्ट असते; ती चुकली तर अद्ययावत आवृत्त्या चढवता येत नाहीत, आणि फार मागे राहिलं तर नव्या फोनवर ॲप दिसेनासंच होतं. ॲपलही वर्षानुवर्षं हात न लावलेली, फारशी कुणी न उतरवणारी ॲप काढून टाकतं. संस्थेच्या अंदाजपत्रकात ॲप बनवण्याचा खर्च असतो, ते जिवंत ठेवण्याचा नसतो. उद्घाटनानंतर तिसऱ्या वर्षी ॲप नाहीसं होतं ते यामुळे.

म्हणूनच ॲप हवंच का, हा प्रश्न पहिल्या सभेत विचारावा. संकेतस्थळच ॲपच्या वेष्टनात घालून दिलं तर ॲपल ते पुरेसं उपयुक्त नाही म्हणून नाकारतं, आणि त्याचं ते म्हणणं रास्त आहे. सूचना, कार्यक्रम, फोटो, वर्गणीचा दुवा एवढंच लागत असेल तर मोबाइलवर नीट दिसणारं संकेतस्थळ पुरतं. ते फोनच्या मुख्य पडद्यावर ठेवता येतं, आणि मार्च २०२३पासून आयफोनवरही अशा संकेतस्थळाकडून सूचना मिळू शकतात. ज्यांचं ॲप केवळ सभासदांसाठी आहे त्यांच्यासाठी ॲपलकडे यादीत न दिसणारं, फक्त दुव्यावरून उतरवता येणारं ॲप असा पर्याय २०२२पासून आहे. सर्वांसाठीच्या दुकानात बंद दाराचं ॲप पाठवण्यापेक्षा तो मागणं शहाणपणाचं. अँड्रॉइडवर इतरही दारं आहेत: मुक्त सॉफ्टवेअरसाठी एफ-ड्रॉइड, सरकारी सेवांसाठी सी-डॅकचं मोबाइल सेवा ॲपस्टोअर, फेब्रुवारी २०२४पासून फोनपेचं मराठीसह बारा भारतीय भाषांतलं इंडस ॲपस्टोअर. ती सध्या पूरक म्हणूनच धरावीत, कारण बहुसंख्य सभासद प्ले स्टोअरच उघडतात.

तेव्हा कार्यकारिणीला एवढीच विनंती. ॲपचं काम कुणाला द्यायचं हे ठरवण्याआधी एका सभेच्या इतिवृत्तात तीन नावं लिहा: तक्रारी रोज कोण वाचणार, दोन्ही दुकानांची खाती संस्थेच्या वतीने कोण सांभाळणार, आणि सभासदाने माहिती पुसायला सांगितली तर ती कोण पुसणार. ही नावं त्यांच्या संमतीने लिहिता आली तर दरपत्रकं मागवा. लिहिता आली नाहीत तर यंदा संकेतस्थळ करा.